खवल्यावरची पेशी चालताना: एम.एस्सी. प्रकल्पाचे दहा महिने

१६ मे २०२५ ला माझी तोंडी परीक्षा झाली आणि प्रकल्पाच्या तीन बांधलेल्या प्रती विभागाच्या कपाटात गेल्या. जुलै २०२४ मध्ये हे काम हातात घेतलं तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात पेशी वाढवायची प्रयोगशाळा नाही, कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर नाही, आणि पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. तरीही पेशी कशी चिकटते, कशी सुटते आणि कशी चालते यावर काम करता आलं. किनाऱ्यावरच्या एखाद्या कॉलेजात पुढच्या वर्षी कुणी असाच विषय घेऊन बसलं तर त्याला माझ्याइतकं चाचपडायला लागू नये, म्हणून तारखांसकट आणि खर्चासकट लिहितेय.

विषयामागे माझी आत्या आहे. २०२१ मध्ये तिच्या स्तनातली गाठ काढली. दोन वर्षांनी आजार हाडात निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी फाईल बघून "पसरलाय" एवढंच सांगितलं. घरी सगळ्यांना त्या शब्दाची धास्ती बसली. मला मात्र तो शब्द सोडवत नव्हता. पसरतो म्हणजे नेमकं काय होतं? गाठीतली पेशी शेजारणींना सोडते कशी, वाट काढते कशी, आणि कुठेतरी दूर हाडात जाऊन पुन्हा पाय रोवते कशी?

१५ जुलै २०२४ ला विषयाचा अर्ज द्यायचा होता. मी लिहून नेलं होतं: 'कर्करोगाच्या प्रसारात फोकल अ‍ॅडहेजन कायनेजची भूमिका.' माझ्या मार्गदर्शक मॅडमनी कागद वाचला आणि तीन प्रश्न विचारले. पेशी कुठून आणणार? प्रथिनं कुठे तपासणार? मोजणार काय? माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. त्यांनी कागद परत केला नाही, बाजूला ठेवला. "आपल्याकडे आहे तिथून सुरू कर," त्या म्हणाल्या. "मासे तर आहेत ना?"

माशाच्या खवल्यावर कातडीचा पातळ पदर असतो. त्यात केरॅटोसाइट नावाच्या पेशी असतात. जखम झाली की सरसर पुढे जाऊन ती झाकायची हे त्यांचं काम. त्यामुळे त्या फार वेगाने चालतात, मिनिटाला साधारण १० ते ३० मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सस्तन प्राण्यांची फायब्रोब्लास्ट पेशी बहुतेक वेळा मिनिटाला १ मायक्रोमीटरही जात नाही. केरॅटोसाइटला ३७ अंश तापमान लागत नाही, खोलीचं चालतं. एल-१५ नावाच्या पोषणद्रावात ठेवली तर कार्बन डायऑक्साइडही लागत नाही. १९९१ मध्ये ज्युली थेरिओ आणि टिम मिचिसन यांनी गोल्डफिशच्या याच पेशींवर काम केलं होतं. पेशी चालत असताना तिच्या पुढच्या पदरातले अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे जमिनीच्या हिशेबाने जवळजवळ जागच्या जागीच असतात, हे त्यांनी दाखवलं. पुढच्या कडेला नवे धागे बनत जातात आणि पेशी जुन्या धाग्यांवरून पुढे निघून जाते. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण याच जातीचा मासा आमच्या स्टँडसमोरच्या दुकानात पन्नास रुपयांना मिळत होता.

विषय छोटा झाला: गोल्डफिशच्या केरॅटोसाइटमध्ये रॉक हे कायनेज (म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं प्रथिन) रोखलं तर चालीत काय फरक पडतो. तेवढंच. कर्करोग हा शब्द शीर्षकातून गेला. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं की मॅडमनी त्या दिवशी माझं वर्ष वाचवलं.

मासा म्हणजे कणा असलेला प्राणी. तो जिवंत असताना खवले काढायचे तर प्राणी नैतिकता समितीची परवानगी हवी. २२ ऑगस्टला फॉर्म बी भरून दिला. त्यात माशांची संख्या, प्रत्येकाचे किती खवले, भूल कशाची, नंतर मासा कुठे राहणार, सगळं लिहावं लागतं. दोन आठवड्यांनी शेरा आला: 'मेलेल्या माशाचे खवले का चालणार नाहीत, याचा खुलासा करावा.' मला आधी राग आला. पण प्रश्न बरोबर होता, आणि आम्ही तो करून बघितला नव्हता.

मग गणपती. ५ सप्टेंबरला देवबागला घरी गेले, १३ ला परत आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मिरकरवाडा बंदरावर. लाँच लागत होत्या. एका मावशींकडून दोन ताजी बोयटं घेतली, बर्फातल्या डब्यातून लॅबमध्ये आणली, खवले धुऊन काचेवर ठेवले. तोवर एल-१५ आलं नव्हतं, म्हणून माशांसाठीचं रिंगर द्रावण वापरलं. संध्याकाळपर्यंत एकही पेशी बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी द्रावण गढूळ, सगळीकडे जिवाणू. तीनदा केलं, तीनदा तेच. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "गो, मेल्लो मासो कसो चालतलो?" तिन्ही वेळचे फोटो जोडून खुलासा पाठवला. परवानगीचं पत्र २५ ऑक्टोबरला हातात आलं. अर्ज दिल्यापासून नऊ आठवडे. तुम्ही करणार असाल तर हा अर्ज जुलैतच द्या आणि मेलेल्या माशावरची चाचणी आधीच करून सोबत जोडा.

दरम्यान खरेदी. पोषणद्राव, सीरम आणि प्रतिजैविक यांच्यासाठी तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची सही, मग ऑर्डर. ३ ऑगस्टला कोटेशन मागवली, ऑर्डर निघाली २४ सप्टेंबरला. एल-१५ ची अर्ध्या लिटरची बाटली ₹१,१५०, सीरम ५० मिली ₹३,९००, प्रतिजैविक ₹६४०. हे ₹५,६९० विभागाने भरले. सीरम कोरड्या बर्फात येतं. आमचं खोकं ११ ऑक्टोबरला, शुक्रवारी संध्याकाळी आलं. दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार. सोमवारी सकाळी रखवालदार काकांनी खोकं माझ्या हातात दिलं तेव्हा बर्फाचा मागमूस नव्हता आणि बाटली खोलीइतकी कोमट होती. मी तिथेच पायरीवर बसले. मॅडम म्हणाल्या, टाकून देऊ नकोस, पाच-पाच मिलीच्या नळ्या कर आणि गोठव. आपल्याला पेशी महिनाभर वाढवायच्या नाहीत, दीड दिवस जगवायच्यात. ते सीरम शेवटपर्यंत पुरलं. पण ऑर्डरवर 'माल सोमवार ते बुधवार दरम्यानच पोचवावा' असं ठळक लिहून घ्या. आणि पोषणद्रावाची मोठी बाटली एकदाच उघडून लहान बाटल्यांत वाटून ठेवा. आमच्याकडच्या दमट हवेत बुरशी कशावरही धरते. माझी पहिली शंभर मिली अशीच गेली.

या वाट बघण्याच्या महिन्यांत वाचन झालं, आणि एका जागी मी पार अडले. तेच इथे जरा सविस्तर सांगते, कारण सगळा विषय तिथेच आहे.

पेशीच्या पडद्यातून आरपार गेलेली इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. त्यांचं बाहेरचं टोक जमिनीला धरतं. आतलं टोक टॅलिन या प्रथिनामार्फत अ‍ॅक्टिनच्या धाग्यांना जोडलेलं असतं. धागे ओढले गेले की टॅलिन ताणून उलगडतं, त्याच्या पोटात लपलेल्या जागा उघड्या पडतात आणि विन्क्युलिन तिथे येऊन सांधा पक्का करतं. ओढ वाढली की पकड वाढते. अशा सांध्याला फोकल अ‍ॅडहेजन म्हणतात. तिथे निरोप देणारी प्रथिनं गोळा होतात. त्यातलं एक फोकल अ‍ॅडहेजन कायनेज, म्हणजे एफएके, १९९२ मध्ये सापडलं. ते आपल्या ३९७ क्रमांकाच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावून घेतं. ती खूण ओळखून सार्क हे दुसरं कायनेज येऊन चिकटतं, आणि दोघं मिळून पॅक्सिलिनसारख्या शेजाऱ्यांवर फॉस्फेट लावतात. पेशीला 'पाय टेकला' हा निरोप मिळतो तो असा.

मी मनाशी धरलं होतं की एफएके म्हणजे पकड. ते काढलं तर पेशी निसटेल. १९९५ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी एफएके नसलेल्या उंदरांच्या पेशी तपासल्या तेव्हा दिसलं ते उलट होतं. पेशींमध्ये फोकल अ‍ॅडहेजन वाढले होते आणि चाल मंदावली होती. मी त्या शोधनिबंधाचा सारांश चार वेळा वाचला. मला वाटलं माझं इंग्रजी कुठेतरी चुकतंय. पकड जास्त आणि चाल कमी, हे माझ्या डोक्यात बसेना.

ते बसलं दिवाळीच्या सुट्टीत, ४ नोव्हेंबरला, देवबागच्या वाळूत. सकाळी रापण लागली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात, त्याची दोन टोकं दोरांनी किनाऱ्यावर आणतात, आणि दोन्ही बाजूंनी माणसं तो दोर ओढत मागे मागे वाळू चढतात. मी लहानपणापासून हात लावत आलेय, पण त्या दिवशी फक्त बघत होते. जो माणूस मागे सरकत सरकत रांगेच्या शेवटाला पोचतो तो दोर सोडून देतो, पाण्यापाशी पळत येतो आणि नव्याने धरतो. रापणीतल्या एका काकांच्या पुढचा एक पाहुणा मुलगा शेवटाला पोचूनही दोर सोडेना. वाटेत उभा राहिला, मागचा वेटोळं घालणारा माणूस खोळंबला, पुढे पाण्याजवळ धरायला एक हात कमी पडला. काका ओरडले, "अरे सोड मरे! सुटल्याशिवाय फुडे कसो येतलंस?"

मी तिथेच वाळूत बोटाने पेशी काढली. एफएके आणि सार्क हे नुसते धरणारे हात नव्हेत. जुनी पकड मोडायची वेळ झाली, हा निरोपही तेच फिरवतात. त्यांच्याविना पेशीचे हात जागोजाग अडकून बसतात. रापणीशी ही जुळवणी तंतोतंत नाही, हे सांगायला हवं. रापणीत माणसं फिरतात. पेशीत मात्र पकडीची जागा जमिनीवर तिथल्या तिथे राहते, पेशी तिच्यावरून पुढे सरकते, आणि कालची पुढची पकड आज तिच्या शेपटाखाली येते. ती तिथे सुटली पाहिजे. माझा प्रयोग या सुटण्याचाच होता.

पुढची बाजू आणि मागची बाजू यांचे निरोप वेगळे असतात. अ‍ॅन रिडली आणि अ‍ॅलन हॉल यांनी १९९२ मध्ये दाखवलं की ऱ्हो हे प्रथिन चालू केलं की पेशीत अ‍ॅक्टिनच्या जाड दोऱ्या आणि फोकल अ‍ॅडहेजन तयार होतात, आणि रॅक चालू केलं की कडेला पातळ पदराच्या लाटा उठतात. दोन्ही प्रथिनं बटणासारखी असतात: जीटीपी हा छोटा रेणू धरलेला असताना चालू, तो मोडून त्याचा जीडीपी झाला की बंद. चालत्या पेशीत रॅकचा जोर पुढे असतो, अ‍ॅक्टिनला फांद्या फुटून पदर पुढे सरतो. ऱ्हो मागच्या बाजूला रॉक या कायनेजला जागं करतं, रॉक मायोसिन या धागे ओढणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट लावतं आणि तो उतरवणाऱ्या फॉस्फेटेजलाही अडवतं, मायोसिन आवळतं आणि शेपूट सुटतं. रॅक आणि ऱ्हो एकमेकांना दाबत असतात, म्हणून पेशीला पुढचं-मागचं राहतं.

११ नोव्हेंबरला काम सुरू झालं. सहा गोल्डफिश ₹३००, हवेचा पंप आणि फिल्टर ₹४५०. माशांना त्याआधी आठ दिवस टाकीत रुळू दिलं होतं. भूल लवंगाच्या तेलाची. तेलाचा थेंब आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, मग लिटरभर पाण्यात. मासा एका अंगावर कलला की ओल्या कापडात धरून बोथट चिमट्याने तीन खवले काढायचे आणि लगेच ताज्या पाण्यात सोडायचा. मिनिट-दोन मिनिटांत तो पुन्हा पोहायला लागतो. माझा हात पहिल्या दिवशी इतका थरथरत होता की लॅबमधल्या काकांनी मासा धरला.

खवला प्रतिजैविक घातलेल्या द्रावणात तीनदा धुवायचा आणि काचेच्या कव्हरस्लिपवर ठेवायचा. इथे माझे नऊ दिवस गेले. खवला काचेवर बसेना. द्रावण घातलं की तरंगायचा, पेशी उतरायला जमीनच नाही. २० तारखेला मी कंटाळून द्रावण जवळजवळ सगळं टिपून घेतलं, खवला ओलसर काचेवर पाच मिनिटं तसाच राहू दिला, वर दुसरी कव्हरस्लिप आणि तिच्यावर स्टीलचा छोटा नट ठेवला, मग कडेने हळूच द्रावण सोडलं. तो बसला. सकाळी अकराला ठेवला होता. दुपारी चारला खवल्याच्या कडेभोवती पारदर्शक पदर पसरलेला दिसला, पेशी एकमेकींना धरून, भाकरी थापताना कड वाढत जावी तसा.

हा पदर सुटा करायला कॅल्शियम काढून घ्यावं लागतं. पेशी एकमेकींना धरतात ते कॅडहेरिनने, आणि त्याला कॅल्शियम लागतं. ईडीटीएचं द्रावण पाच मिनिटं ठेवलं की हात सुटतात. जमिनीवरची इंटिग्रिनची पकड राहते, निदान त्या वेळेपुरती. जास्त वेळ ठेवलं तर तीही जाते आणि सगळ्या पेशी धुऊन निघतात. हे मी एकदा केलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळी साडेपाच. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाच्या ४० च्या भिंगाखाली खोबऱ्याच्या कातळीसारखी एक पेशी. पुढे रुंद, पातळ, जवळजवळ न दिसणारा पदर, मागे मध्यावर फुगीर अंग. मी नजर हलवली नाही. आधी वाटलं काच सरकतेय, म्हणून शेजारच्या कचऱ्याच्या ठिपक्याकडे बघितलं. ठिपका जागेवर होता. पेशी त्याच्याकडे येत होती. ती ठिपक्याशी पोचली, पदराची कड जराशी दुमडली, आणि ती त्याला बगल देऊन गेली. काका दाराला कुलूप लावायला आले होते. त्यांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला आणि म्हणाले, "ही जाते कुठे?" त्या दिवशी आम्ही सात वाजता कुलूप लावलं.

डिसेंबर मोजण्यात गेला. सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला फोन लावायचा क्लॅम्प ₹५५०. दर दहा सेकंदांनी एक फोटो, पंधरा मिनिटं. किती पिक्सेल म्हणजे किती मायक्रोमीटर हे कळायला स्टेज मायक्रोमीटर लागतो. आमच्याकडे नव्हता, वनस्पतिशास्त्र विभागाने सही घेऊन दिला. ज्या भिंगाने आणि ज्या फोनच्या झूमने चित्रण करणार त्याच मापाने तोही टिपून ठेवा. मी एकदा झूम बदलला आणि दोन दिवसांचं काम निरुपयोगी झालं. पेशीचा माग काढायला इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. लाईट जाते म्हणून सूक्ष्मदर्शकाचा दिवा विभागाच्या इन्व्हर्टरवर घेतला. माझ्या पेशी मिनिटाला १० मायक्रोमीटरच्या आसपास भरल्या, म्हणजे छापील आकड्यांच्या खालच्या टोकाला. कव्हरस्लिपची सफाई की पाण्याचं तापमान, कारण मला सांगता आलं नाही, आणि अहवालात तसंच लिहिलं.

रॉक रोखायला वाय-२७६३२ हे रसायन वापरतात. विकत घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. मॅडमच्या ओळखीने मुंबईतल्या एका प्रयोगशाळेने थोडं द्यायचं कबूल केलं. कॉलेजच्या लेटरहेडवर विनंतीपत्र, काय आणि कशासाठी नेतोय याची नोंद, दोन्हीकडच्या सह्या. या पत्रांना तीन आठवडे लागले. १७ जानेवारी २०२५ ला मी मांडवी एक्सप्रेसने परतले, मांडीवर थर्मोकोलचा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या आणि १०० मायक्रोलिटरची एक नळी. प्रवास ₹१,४८०. आल्या आल्या दहा नळ्यांत वाटून गोठवलं. वाटल्याशिवाय ठेवू नका, दर वेळी वितळून गोठवलं तर रसायन खराब होतं. मूळ द्रावण १० मिलिमोलर होतं. एक मिलीत एक मायक्रोलिटर घातलं की १० मायक्रोमोलर, नेहमी वापरतात तेवढं.

फेब्रुवारीत खरा प्रयोग. मला काय दिसायला हवंय हे मला माहीत होतं, आणि तीच भीती होती. म्हणून मैत्रिणीने काचांवर नुसतं अ आणि ब लिहिलं. एकीत रसायन, दुसरीत तेवढंच पाणी. कोणती कुठली ते महिनाअखेर तिने सांगितलं. एका प्रकारच्या काचांवर पुष्कळ पेशी अंड्याच्या पोळीसारख्या गोल पसरून तशाच राहायच्या, चालायला सुरुवातच करायच्या नाहीत. ज्या चालत होत्या त्यातल्या काहींचं मागचं अंग सुटेना. पुढचा पदर सरकायचा, मागे एक लांब धागा काचेला धरून, आणि तो ताणत ताणत एका क्षणी तुटल्यासारखा यायचा. त्या काचा रसायनाच्या निघाल्या. द्रावण धुऊन नवं घातलं की अर्ध्या तासात गोल पेशींपैकी कित्येक पुन्हा चालू लागल्या. माझ्या दृष्टीने हा धुण्याचा प्रयोग सगळ्यात मोलाचा होता, कारण पेशी मेल्या म्हणून थांबल्या असं मग म्हणता येत नाही. केरॅटोसाइटमध्ये रॉक रोखलं की चाल सुरू व्हायला अडतं, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे. मी नवं काही शोधलं नाही.

शिमग्याला, १३ मार्चला, घरी गेले. आत्या आली होती. तिला फोनवर चित्रण दाखवलं, आधी चालणारी, मग अडकलेली. तिने दोन्ही शांतपणे बघितली आणि विचारलं, "हिका थांबवूचा औषध असा काय?" मी तिला खरं ते सांगितलं. ही माशाची चांगली पेशी आहे, जखम भरणारी. आपल्या अंगातही अशाच पेशी चालतात म्हणून जखमा भरतात आणि पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोचतात. सगळ्यांनाच थांबवलं तर माणूस जगणार नाही. कर्करोगाच्या पेशी हीच यंत्रणा वापरतात, म्हणून काम अवघड आहे, पण एफएके रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. तिने मान डोलावली आणि ती चालणारी पुन्हा लावायला सांगितली.

लिहायला एप्रिल लागला. साम्य तपासणीत पहिल्यांदा १९ टक्के आलं, मर्यादा १० ची. सगळं पद्धतींच्या प्रकरणात होतं, कारण मी वाक्यं जशी वाचली तशी उतरवली होती. माझ्या हातांनी काय केलं ते माझ्या शब्दांत लिहिल्यावर ७ वर आलं. प्रमाणपत्राच्या पानावर तीन सह्या लागतात आणि मेमध्ये माणसं रजेवर जातात, तेव्हा ते पान एप्रिलमध्येच घ्या. तीन प्रती बांधायला ₹१,३५०. कव्हरस्लिपा ₹२८०. एकूण खर्च ₹१०,१००, त्यातले ₹४,४१० माझे.

८ मेला बातमी आली की अमेरिकेत एफएके रोखणारं डेफॅक्टिनिब दुसऱ्या एका औषधासोबत मंजूर झालं, अंडाशयाच्या एका दुर्मीळ प्रकारच्या कर्करोगासाठी. मी आत्याला फोन केला. तुझ्या आजारावरचं नाही, हे पहिल्या वाक्यातच सांगितलं. तरी तिने नाव विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं.

तोंडी परीक्षा पंचवीस मिनिटं चालली. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "ऱ्हो मागच्या बाजूला जास्त चालू असतं याचा तुमच्याकडे पुरावा काय?" काही नाही, मी म्हणाले. मी फक्त रॉक रोखलं आणि चाल बघितली. बाकीचं इतरांच्या कामावरून. एफएके मोजलं का? नाही. मग प्रस्तावनेत पाच पानं कशासाठी? पकड मोडण्याचा प्रश्न मला तिथे समजला म्हणून, असं मी सांगितलं. त्यांनी ती पाच पानं दोनवर आणायला सांगितली. आणली.

फ्रीजरमध्ये वाय-२७६३२ च्या तीन नळ्या उरल्यात, तारीख लावून. सहाही गोल्डफिश टाकीत आहेत. काढलेल्या खवल्यांच्या जागी नवे आलेत, रंगाने थोडे फिकट. पहिल्या वर्षातल्या एका मुलीने हाच प्रयोग पुढे न्यायचं ठरवलंय आणि ती सुट्टीतच हात बसवतेय. काल दुपारी तिचा मेसेज आला: "ताई, खवला तरंगतोय." मी लिहिलं, काच आधी टिपून घे, मग पाच मिनिटं हात लावू नकोस.